बाळंतिणीच्या पिशवीतले कागद
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘आरोग्य’ हा विषय दिला. पाणी उकळून प्या, हात धुवा, हे मी पाड्यापाड्यावर रोजच सांगते. तुम्ही सुरतहून, नाशिकहून, धुळ्याहून घाट चढून आलात, ते हे ऐकायला नव्हे. म्हणून मी आज पैशांबद्दल बोलणार आहे. बाळंतपणाला आणि तान्ह्या बाळाच्या दुखण्याला लागणारा पैसा सरकारने द्यायचा असे कधीच ठरले आहे, तरी आपल्या मोलगी भागातल्या बाईच्या हातात तो वेळेवर का येत नाही, एवढाच माझा विषय आहे. आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी ह्याच डोंगरात झाली. त्यामुळे पुस्तकातले थोडे आणि पाहिलेले जास्त सांगेन.

आपण शाळेत होतो तेव्हा, १ जुलै १९९८ ला, धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. सरांनी परिपाठाला सांगितले होते की आता जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. नकाशावर ते जवळ आले, हे खरे. पण देवगोई घाट तेवढाच राहिला, आणि पावसाळ्यात पाड्यावरून सडकेपर्यंत बाईला आणायची झोळीही तीच राहिली.

ह्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपल्यातल्या गेलेल्यांची नावे आहेत. त्यांतली एक मुलींच्या पहिल्या बाकावर बसायची. तुम्हां सगळ्यांना ती आठवते, नाव घेत नाही. ती पहिल्या बाळंतपणात गेली. दुखायला लागले पहाटे. जीपवाल्याने भाडे आधी मागितले. नवरा चांदीचे कडे गहाण ठेवायला बाजारात गेला, तो परत येईपर्यंत दुपार झाली, आणि घाट उतरेपर्यंत रक्त जाऊन ती संपली. जीपवाल्याला मी दोष देत नाही, डिझेल त्यालाही कुणी फुकट देत नव्हते. ती ज्या कारणाने गेली त्याला दवाखान्याच्या कागदावर अतिरक्तस्राव म्हणतात. मी त्याला सहा तासांचा उशीर म्हणते, आणि तो उशीर पैशाने केला.

त्या काळी १०८ ची गाडी नव्हती. महाराष्ट्रात ती २०१४ ला सुरू झाली. ‘जननी शिशु सुरक्षा’ हा कार्यक्रमही नव्हता. तो सुरू झाला १ जून २०११ ला. आता हसू नका. १ जून ही आपल्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख आहे हे मला ठाऊक आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारले, कधीचा जन्म? आई म्हणाली, होळीच्या नंतरचा. गुरुजींनी १ जून लिहून टाकले. त्या तारखेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण तिचे पैसे आपण अजून भरतो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करते. बायका म्हणतात, “ताई, आमच्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे, बाळंतपण फुकट होईल ना?” बाळंतपण फुकट होते, पण त्या कार्डामुळे नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की घोळ होतो.

पहिली गोष्ट सरकारी दवाखान्याची. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही गरोदर बाईला विमाकार्ड लागत नाही. बाळंतपण साधे असो की पोट चिरून, औषधे, तपासण्या, सोनोग्राफी, रक्ताची पिशवी, सगळे फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात आणि शेवटी घरी परत सोडायला गाडी फुकट. त्यासाठी १०२ वर फोन करायचा, जिवावर बेतले असेल तर १०८. बाळालाही एक वर्षाचे होईपर्यंत सरकारी दवाखान्यात हेच सगळे फुकट. ह्यात वयाची अट नाही, कितवे मूल ही अट नाही, पिवळे कार्ड की केशरी हा प्रश्न नाही. हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात कुणी पैसे मागितले किंवा बाहेरून औषध आणायला लावले, तर तुम्ही हक्काने विचारू शकता, इतके हे स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट विम्याची. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी ह्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर झाली आणि २०१७ ला तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ ला दिल्लीची आयुष्मान भारत आली आणि दोन्ही एकत्र चालू लागल्या. पूर्वी ह्यात कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, आता पाच लाखांचे आहे, आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती खुली आहे. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, सरकार भरते. पण हा विमा मोठ्या दुखण्यांचा आहे, आणि यादीतल्या रुग्णालयातच चालतो. साधे बाळंतपण त्यात बसत नाही. बाळ कमी दिवसांचे जन्मले, त्याला अतिदक्षता लागली, त्याच्या हृदयाला जन्मतः छिद्र निघाले, आणि सरकारी रुग्णालयातून खाजगी रुग्णालयात न्यायची पाळी आली, तर तिथे हे कार्ड उपयोगाला येते. तिथे ते दाखवता आले नाही, तर बाप शेत गहाण टाकतो. असे दोन बाप ह्या हॉलमध्ये बसले आहेत. त्यांनी मला बोलायची परवानगी दिली आहे, पण मी त्यांच्याकडे बघणार नाही.

तिसरे म्हणजे रोख रक्कम. जननी सुरक्षा योजना २००५ ची. आपल्या आदिवासी बाईला गावाकडे दवाखान्यात बाळंत झाल्यावर सातशे रुपये. इथेही पूर्वी वयाची आणि मुलांच्या संख्येची अट होती, ती २०१३ ला काढली. मग प्रधानमंत्री मातृ वंदना. पहिल्या बाळाला पाच हजार रुपये, आता दोन हप्त्यांत: गरोदरपणाची वेळेत नोंद आणि तपासणी झाली की तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या की दोन हजार. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलींची संख्या वाढावी म्हणून असे केले आहे, हेतू चांगला आहे. पण मुलगा झाला म्हणून आईची मजुरी बुडत नाही, असे थोडेच आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये असे लिहिले आहे. त्यात मुलगा-मुलगी नाही. कायद्याने लिहिले एक आणि योजनेत उतरले त्याहून कमी, हे माझे सरकारी नोकरीतले मत आहे आणि ते मी सरकारी मिटिंगमध्येही मांडले आहे.

ही मजुरीची गोष्ट जुनी आहे. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ ला तो कायदा मुंबई प्रांतात झाला. पण तो कारखान्यातल्या बाईपुरता होता. आपल्या आया दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊस तोडायला जायच्या, होळीला परतायच्या. त्यांच्यातल्या कितीजणी फडातच बाळंत झाल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोळी बांधायला उभ्या राहिल्या, हे तुम्हांला मी सांगायला नको. आपल्यातले काहीजण त्याच फडात जन्मलेले आहेत. पाच हजार रुपयांकडे म्हणून मी बक्षीस म्हणून बघत नाही. ती बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई आहे.

आता मुख्य गोष्ट. हे सगळे असूनही अडते कुठे? मोलगी भागात ते कागदावर अडते, आणि तो कागद बाळंतपणाच्या दिवशी तयार होत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत झाला तर होतो.

रेशनकार्डाचे बघा. पोरगी लग्न होऊन सासरी आली. तिचे नाव माहेरच्या कार्डावर. सासरच्या कार्डावर घालायचे तर माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा. माहेर अक्कलकुव्यातच असेल तर एक चक्कर. धडगावचे असेल तर दोन-तीन. आणि माहेर सागबारा, डेडियापाड्याकडचे, म्हणजे गुजरातचे असेल, तर राज्यच वेगळे. माहेरच्या कार्डावर नाव असले तरी त्या कार्डावर विम्याचा उपचार होऊ शकतो, फक्त ते कार्ड हाताशी हवे. पण आधारवर नवऱ्याचे नाव, कार्डावर वडिलांचे, आणि कार्ड डोंगरापलीकडे भावाच्या पेटीत. सगळ्यात वाईट हाल त्या बाईचे, जिचे नाव माहेरातून कमी झाले आणि सासरी अजून चढलेच नाही. मला अशा अनेक भेटल्या. कागदाच्या हिशेबी ती कुठल्याच घरची नाही. ती धान्यालाही नाही आणि विम्यालाही नाही.

मग बँकेचे खाते. मातृ वंदनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. कोणत्या? जे सगळ्यात शेवटी जोडले त्या. बाई मला येऊन म्हणते, पैसे आले नाहीत. संगणकावर दिसते, आले. शोधता शोधता कळते की गुजरातमध्ये कामाला असताना मोबाइलचे सिम घेताना अंगठा दिला, तेव्हा एक खाते उघडले गेले होते, पैसे त्यात पडून आहेत. किंवा शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते, ज्याचे पासबुक वाळवीने खाल्ले. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा: माझ्या आधारला कोणते खाते जोडलेले आहे? पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यासाठी बाजाराच्या दिवशी पाच तास रांगेत राहावे लागते, हेही खरे.

आणि आता १ जून. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर फक्त साल, मतदार कार्डावर तिसरेच काही. नावातही तसेच. घरी आपण भिलोरीत एक हाक मारतो, शाळेत मास्तर दुसरे लिहितात, आधारच्या कॅम्पात बसलेला मुलगा तिसरे. यंत्राला ह्या तीन बायका वाटतात. गुरुजनांचा मान राखून सांगते, त्या काळात दुसरा इलाज नव्हता. आता आहे. घरी बाळंतपण झाले तरी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जन्माची नोंद केली की पैसा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. आणि तान्ह्या बाळाचे नाव रेशनकार्डावर नसते, तेव्हा विम्यासाठी हाच जन्मदाखला आणि आईबापाचे कार्ड पुढे करायचे असते. हा एक कागद वेळेत झाला की बाळाच्या पुढच्या अर्ध्या अडचणी सुटतात.

स्थलांतराचे वेगळे सांगते. फुले योजना महाराष्ट्रातल्या रुग्णालयांची. आयुष्मानच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला मात्र दुसऱ्या राज्यातही, म्हणजे सुरतेलाही, उपचार मिळतो. म्हणून कामाला जाण्याआधी आपले नाव आयुष्मानमध्ये आहे का ते बघून कार्ड काढून न्यायचे. शंका असेल तर फुले योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ हे दोन्ही नंबर फुकट आहेत. होळीला बायका परत येतात तेव्हा काहींना पाचवा-सहावा महिना लागलेला असतो आणि कुठेच नोंद नसते. मातृ वंदनेचा अर्ज बाळ नऊ महिन्यांचे होण्याच्या आत करता येतो, म्हणजे तेवढ्याने सगळे बुडत नाही. पण रक्त किती, बीपी किती, सिकलसेल आहे का, ही तपासणी मागे जाऊन करता येत नाही. आपल्या भागात सिकलसेल किती घरांत आहे तुम्ही जाणता. ती बाई आम्हांला नवव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

अठराच्या आतल्या मुलींचे थोडक्यात बोलते, कारण लांबवले की सगळे खाली बघतात. त्यांना मातृ वंदनेचे पैसे मिळत नाहीत. दवाखान्यात आणले तर पोलिसांना कळवावे लागते, ह्या भीतीने घरचे आणतच नाहीत. कायदा आहे, आणि लग्न अठराच्या आधी लावू नये हे माझे ठाम म्हणणे आहे. पण एकदा ती गरोदर राहिली की तिचा जीव आधी. पोरीचे वय कितीही असो, सरकारी दवाखाना तिला परत पाठवू शकत नाही. नोंद होईल ती होईल, तिला घरात लपवून ठेवू नका.

आणखी एक सोय फार कमी लोक वापरतात. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. लांबच्या पाड्यावरच्या बाईने तारखेच्या चार-पाच दिवस आधी येऊन तिथे राहायचे. राहणे-जेवण मोफत, सोबतीला एक माणूस. पावसाळ्यात नर्मदाकाठच्या गावांना ह्याच्यासारखा उपाय नाही. बायका येत नाहीत, कारण घरी दोन लहान पोरे आणि बकऱ्या सोडून कशा येणार? सासूला हे समजावायचे काम माझ्या गणवेशाने होत नाही. ते गावातल्या शिकलेल्या माणसाच्या, म्हणजे तुमच्या, शब्दाने होते.

तेव्हा मला तुमच्याकडून काय हवे ते नेमके सांगते. आपल्यातले चारजण शिक्षक आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या पोरांची यादी मला द्या. ओठ फाटलेले, पाय वाकडे, धावताना निळे पडणारे मूल नेमके त्याच दिवशी घरी ठेवलेले असते. जो रेशन दुकान चालवतो, त्याने ह्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे काढावीत. कुणाचे नाव कार्डावर नाही हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते. ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या आपल्या मित्राने जन्मनोंदीचे अर्ज साठवून ठेवू नयेत, आठवड्याचे आठवड्याला भरावेत. तो मान हलवतो आहे, सगळ्यांनी बघून ठेवा. गाडी चालवणारे दोघे आहेत. १०२ येईपर्यंत तुमची गाडी निघाली तर भाड्याचा विषय त्या रात्री काढू नका, नंतर आपण सगळे मिळून बघू. बाहेरगावी स्थायिक झालेल्यांनी पैसे पाठवू नयेत असे मी म्हणत नाही, पण त्याआधी एक करा. तुमच्या गावच्या ज्या कुटुंबांना तुम्ही सुरतेत, नाशकात कामावर बघता, त्यांच्यात कुणी गरोदर असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तिची नोंद करून द्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात द्या. ते कार्ड घेऊन ती परत आली की पुढचे आम्ही बघतो.

मी प्रत्येक गरोदर बाईला एक कापडी पिशवी करायला सांगते. त्यात माता-बाल कार्ड, आधार, रेशनकार्डाची प्रत, ज्या खात्याला आधार जोडले आहे त्याचेच पासबुक, जॉबकार्ड किंवा जातीचा दाखला, ह्यातले जे असेल ते. मातृ वंदनेला रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते आणि धान्याचे रेशनकार्डही. नवऱ्याचे आधार नसले तरी अर्ज अडत नाही, हे एकट्या राहणाऱ्या बायकांना सांगा. पिशवी खुंटीला टांगायची. दुखायला लागले की घरातल्या कुणीही ती उचलावी, शोधाशोध नको.

जेवणानंतर मी आठवीच्या जुन्या वर्गात बसणार आहे. ज्यांच्या घरात किंवा शेजारी गरोदर बाई, बाळंतीण किंवा पाच वर्षांच्या आतले मूल आहे, त्यांनी कागद आणले असतील तर घेऊन या, नसतील तर मोबाइलमधले फोटो दाखवा. नुसती नावे सांगितली तरी चालेल. दोन वह्या आहेत. एकीत मोलगी, काठी, भगदरीकडचे पाडे, दुसरीत नर्मदाकाठचे. कोणत्या पाड्याला कोण जाणार हे आजच त्यांत लिहून घेऊ. अर्ज भरायला दोघांनी तरी चांगला मोबाइल घेऊन माझ्याबरोबर बसा, आणि चार्जर विसरू नका, तिथे एकच प्लग आहे.